जुनी पिकअप घेताना : दुरुस्ती कुठे निघते आणि वर्षाला खर्च किती येतो

टोमॅटोवरील करपा किंवा कांद्यावरील फुलकिडे याबद्दल विचारायला आलेले शेतकरी उठता उठता आणखी एक प्रश्न विचारतात. "साहेब, गावात एक जुनी पिकअप विकायला आहे. दोन-सव्वादोन लाखांत देतोय. घेऊ का?" भाड्याच्या गाडीने हैराण झालेला शेतकरी हा प्रश्न विचारतो. तोडा सुरू झाला की गाडी वेळेवर येत नाही, आली तर भाडे वाढलेले असते, आणि बाजार पडला की भाड्याचेही निघत नाही. त्यामुळे स्वतःची गाडी हवीशी वाटणे साहजिक आहे. मात्र जुन्या गाडीची विक्रीची किंमत हा खर्चाचा पहिला हप्ता असतो. पुढचे हप्ते कुठून येतात आणि वर्षाला किती फेऱ्या असतील तर गाडी परवडते, हे या लेखात पाहू.

आपल्याकडे जुन्या बाजारात मुख्यतः दोन प्रकारच्या गाड्या मिळतात. पहिली छोटा हत्ती, म्हणजे टाटा एस. ही मे २००५ मध्ये बाजारात आली. सुरुवातीच्या मॉडेलला ७०२ सीसीचे दोन सिलिंडरचे डिझेल इंजिन, साधारण १६ अश्वशक्ती आणि पाऊण टन क्षमता होती. दुसरी बोलेरोच्या वर्गातील पिकअप. तिचे इंजिन अडीच लिटरच्या आसपास आणि क्षमता मॉडेलनुसार एक टन ते दीड टनाच्या पुढे. दोन्हींचे सुटे भाग तालुक्याच्या गावी मिळतात आणि काम येणारे मिस्त्रीही आहेत. जुनी गाडी घेताना ही मोठी जमेची बाजू आहे. भाग मिळत नाही अशी गाडी फुकट मिळाली तरी घेऊ नये.

आधी वजनाचा हिशेब

जुन्या पिकअपचे बहुतेक आजार इंजिनात नव्हे, हौद्यात सुरू होतात. आरसीवर गाडीचे रिकामे वजन आणि मालासह एकूण वजन असे दोन आकडे असतात. त्यांतील फरक म्हणजे चालकासह भरता येणारे वजन. टोमॅटोचा भरलेला क्रेट २४ किलो धरला (२२ किलो माल, २ किलो क्रेट) तर पाऊण टनाच्या गाडीत २८ क्रेट बसतात. प्रत्यक्षात आपण किती भरतो? चाळीस-पन्नास सर्रास. कांद्याच्या ५० किलोच्या गोण्या हिशेबाने १३ बसतात, रस्त्यावर पंचवीस दिसतात.

गाडी त्या दिवशी जाते, म्हणून चालते असे वाटते. पण मागचे पाटे, हबचे बेअरिंग, क्लच प्लेट, ब्रेक लायनर आणि टायर या सर्वांची झीज वाढलेल्या वजनाच्या प्रमाणापेक्षा जास्त वेगाने होते. शिवाय मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा वजनासाठी २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये दंडाची तरतूद आहे. म्हणून जुनी गाडी पाहताना पहिला प्रश्न "किती किलोमीटर चालली" हा नसावा, "कशाला चालली" हा असावा. बेकरीचा माल वाहिलेली दीड लाख किलोमीटरची गाडी विटा-वाळू वाहिलेल्या साठ हजारांच्या गाडीपेक्षा चांगली असू शकते. हौद्याचा पत्रा पोचलेला, फाळके वाकलेले आणि चासीवर पाट्यांच्या ब्रॅकेटजवळ वेल्डिंग दिसले, तर मीटरचा आकडा काहीही असो, ती गाडी सोडून द्या.

इंजिन गरम होणे : सर्वांत महागात पडणारा दोष

आठ-नऊ वर्षांपूर्वी आम्ही भावाभावांनी मिळून एक जुनी छोटी गाडी घेतली होती. एप्रिलमध्ये संगमनेरकडून नारायणगावच्या बाजाराला टोमॅटो भरून निघालो. क्षमतेच्या दीडपट माल होता, हे आधीच कबूल करतो. चंदनापुरी घाट अर्धा चढला आणि गाडीची ताकद गेली. थांबून पाहिले तर रेडिएटरमधून पाणी उसळत होते. हेड गॅस्केट उडाले होते. दुसरी गाडी बोलावून माल हलवेपर्यंत बाजार उठला होता, तो माल दुसऱ्या दिवशी पडेल भावाने गेला. हेड घासणे, गॅस्केट, रेडिएटर आणि मजुरी मिळून सव्वीस हजार रुपये लागले. इंजिन उघडल्यावर मिस्त्रीने दाखवले की थर्मोस्टॅट व्हॉल्व्ह आधीच काढून टाकलेला होता. गाडी गरम होते हे विकणाऱ्याला ठाऊक होते. त्याने उपचार न करता लक्षण लपवले होते.

यामागचे कारण ठिबक वापरणाऱ्या शेतकऱ्याला लगेच समजेल. रेडिएटरमध्ये कूलंट न घालता बोअरचे पाणी घातले की त्यातील क्षार उष्णतेने खाली बसतात. लॅटरलच्या ड्रिपरमध्ये जो पांढरा थर बसतो, तोच थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत आणि इंजिनच्या पाण्याच्या वाटांत बसतो. फरक इतकाच की ठिबकला आपण आम्ल प्रक्रिया करतो, ती इथे करू नये. ॲल्युमिनियमचे भाग आम्लाने खाल्ले जातात. रेडिएटर उतरवून साफ करणे किंवा बदलणे हाच मार्ग. त्यानंतर कंपनीने सांगितलेल्या प्रमाणात कूलंट आणि शुद्ध केलेले पाणी भरावे. बाहेरच्या बाजूने जाळीत बसलेला भुसा, धूळ आणि किडे दर पंधरा दिवसांनी कमी दाबाच्या पाण्याने धुवावेत. सोयाबीन मळणीच्या दिवसांत तर दर आठवड्याला.

घेताना तपासणी अशी : गाडी पूर्ण थंड असताना रेडिएटरचे झाकण उघडा. आत गंजाचे तांबूस पाणी किंवा वर तेलाचा तवंग दिसला तर सावध व्हा. ऑइलची कांडी ओढून पाहा. ऑइल दुधाळ, चहासारखे दिसत असेल तर त्यात पाणी गेले आहे. तापमानाचा काटा हलतो की नाही हेही बघा, कारण काही जण त्याची वायरच काढून ठेवतात.

धूर काय सांगतो

गाडी पाहायला जाण्याआधी फोन करून सांगा की इंजिन सुरू करू नका. पोचल्यावर हात लावून इंजिन थंड असल्याची खात्री करा. आधीच गरम करून ठेवलेली गाडी कुठलीही चांगली सुरू होते.

थंड इंजिन पहिल्या-दुसऱ्या सेल्फला सुरू व्हावे. जुन्या पद्धतीच्या छोट्या डिझेल इंजिनात थंडीत सुरू होण्यासाठी हीटर प्लग असतात. ते गेले की सकाळी गाडी त्रास देते. हा खर्च लहान आहे. पण हीटर प्लग ठीक असूनही खूप सेल्फ मारावा लागत असेल तर कॉम्प्रेशन कमी झालेले असू शकते, आणि तो खर्च लहान नाही. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे. काळा धूर एअर फिल्टर तुंबल्याने किंवा पंप-नोझलच्या दोषाने येतो. पांढरा धूर थंडीत क्षणभर दिसला तर हरकत नाही, पण गरम झाल्यावरही येत राहिला आणि रेडिएटरचे पाणी कमी होत असेल तर पुन्हा हेड गॅस्केटकडे बोट जाते. इंजिन चालू असताना ऑइल भरण्याचे झाकण सैल करून पाहा. तिथून फकफक धूर आणि हवा येत असेल तर रिंगा आणि बोअर झिजले आहेत, इंजिनचे काम जवळ आले आहे.

पंपाच्या जुन्या इंजिनाची दुरुस्ती गावात होते. कॉमन रेल इंजिन डिझेल कमी खाते, पण त्याचे इंजेक्टर महाग असतात आणि पाणी मिसळलेले डिझेल त्यांना सोसत नाही. कॅनमध्ये साठवलेले डिझेल ओतण्याची सवय असेल तर ती सोडा आणि फिल्टरखालचे पाणी नियमित काढा. अशी गाडी घेण्याआधी स्कॅनर लावून दोषांची नोंद पाहून घ्यावी. काही शे रुपयांत काम होते.

टायमिंग बेल्ट असलेल्या इंजिनात तो कधी बदलला हे मालकाला सांगता येत नसेल, तर तो बदललेलाच नाही असे धरा आणि घेतल्या घेतल्या बदला. बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात.

क्लच, पाटे, ब्रेक

क्लचची तपासणी सोपी आहे. मोकळ्या जागेत हँडब्रेक ओढा, तिसरा गिअर टाका आणि क्लच हळूहळू सोडा. इंजिन बंद पडले पाहिजे. गुरगुरत चालूच राहिले तर क्लच प्लेट संपली आहे. प्लेट बदलताना प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंगही सोबत बदलावे, कारण गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरी दोनदा देण्यात अर्थ नाही. घरची गाडी झाल्यावर भरल्या गाडीला बांधाच्या चढावर अर्ध्या क्लचवर धरून ठेवणे हे क्लच संपवण्याचे मुख्य कारण असते. शेतातून भरून निघताना पहिल्या गिअरमध्ये, सरळ आणि न थांबता निघावे.

पाट्यांसाठी सपाट जागी गाडी मागून पाहा. एक बाजू बसलेली असेल तर पाटा तुटला आहे किंवा कमान गेली आहे. पाटे वाढवून घेतलेली गाडी मालाला चांगली, असे अनेकांना वाटते. माझे मत उलट आहे. जादा पाट्यांनी क्षमता वाढत नाही, फक्त गाडी बसलेली दिसत नाही. धक्का पुढे चासी आणि हबला जातो. शिवाय पाटे कडक आणि शॉकअब्सॉर्बर गेलेले असतील तर खालच्या थरातील टोमॅटो, द्राक्षे आणि पेरू यांना दचके बसतात. बाजारात पोचेपर्यंत डाग दिसत नाहीत, व्यापाऱ्याकडे दुसऱ्या दिवशी दिसतात आणि पुढच्या वेळी तुमच्या मालाला भाव कमी लागतो. हा तोटा गाडीच्या वहीत कधी लिहिला जात नाही.

किंगपिन, शॅकल आणि प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस यांना ग्रीस लागते. धुळीच्या रस्त्यावर, आणि विशेषतः ओढ्याच्या पाण्यातून गाडी काढल्यानंतर, ग्रीस भरलेच पाहिजे. पुढचे चाक जॅकवर उचलून वर-खाली हलवा. खडखड आली तर किंगपिन किंवा बेअरिंगचे काम आहे.

ब्रेकबाबत तडजोड नको. मागच्या चाकाच्या आतील बाजूला ओल दिसली तर व्हील सिलिंडर गळतो आहे. आणि उतारावर डिझेल वाचवण्यासाठी इंजिन बंद करून किंवा न्यूट्रलमध्ये गाडी सोडणारे चालक आजही भेटतात. इंजिन बंद झाले की ब्रेकला मिळणारी व्हॅक्यूमची मदत दोन-तीन दाबांत संपते. भरलेल्या गाडीत माळशेज किंवा कसारा घाट उतरताना याचा अर्थ काय होतो, ते सांगायला नको. ज्या गिअरमध्ये चढलो असतो, त्याच गिअरमध्ये उतरावे.

सेल्फ, अल्टरनेटर, बॅटरी आणि लाइट ही कामे होत राहतात. ती गाडी सोडून देण्याचे कारण नाहीत.

हौदा आणि खते

हा माझ्या विषयाजवळचा भाग आहे, म्हणून थोडे सविस्तर. युरिया, अमोनियम सल्फेट आणि म्युरेट ऑफ पोटॅश हवेतील ओल ओढून घेतात. सांडलेले दाणे पत्र्याच्या जोडात आणि फळीखाली बसतात आणि तिथे सतत खारट ओल राहते. पोटॅशमधील क्लोराइड लोखंड वेगाने खातो. दोन पावसाळ्यांत हौद्याचा तळ कागदासारखा झालेला मी पाहिला आहे. खत नेल्यावर आधी कोरडे झाडावे, मग धुवावे आणि वाळू द्यावे. थेट पाणी मारले तर खत विरघळून आणखी खोल जाते. घेताना रबरी मॅट उचलून खालचा पत्रा स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा.

कीडनाशके आणि भाजीपाला एकाच हौद्यातून नेत असाल तर औषधांसाठी झाकणाचा वेगळा ड्रम ठेवा. निर्यातीचा किंवा करारावरचा माल असेल तर गळलेल्या एका बाटलीमुळे सगळी खेप नाकारली जाऊ शकते.

वर्षाचा हिशेब

आता मूळ प्रश्न. खालील आकडे उदाहरणासाठी धरले आहेत, ते तुमच्या भागाप्रमाणे बदलून घ्या. पद्धत तीच ठेवा.

गाडी २,२५,००० रुपयांना घेतली आणि सुरुवातीच्या दुरुस्तीवर ४०,००० खर्च केले, म्हणजे २,६५,०००. चार वर्षांनी ती १,०५,००० ला गेली असे धरू. घसारा वर्षाला ४०,००० रुपये. गुंतलेल्या सरासरी रकमेवर ९ टक्क्यांनी व्याज सुमारे १६,६५०. विमा १८,०००. पासिंग, कर आणि पीयूसी ७,०००. एकूण ८१,६५० रुपये. गाडी दारात उभी राहिली तरी हा खर्च होतो.

चालवण्याचा खर्च : डिझेल ९० रुपये आणि सरासरी १५ किलोमीटर धरली तर किलोमीटरला ६ रुपये. टायर ५० पैसे, ऑइल-फिल्टर १ रुपया, दुरुस्ती अडीच रुपये. एकूण १० रुपये. जाऊन-येऊन ७० किलोमीटरच्या फेरीला ७०० रुपये. त्याच फेरीला भाड्याची गाडी २,००० रुपये घेत असेल तर फेरीमागे १,३०० रुपये वाचतात. ८१,६५० भागिले १,३०० म्हणजे ६३ फेऱ्या.

वर्षाला ६३ फेऱ्यांच्या खाली असाल तर भाड्याची गाडी स्वस्त आहे. एकरभर टोमॅटो असणाऱ्याचा तोडा दोन-तीन दिवसांआड, दोन महिने चालतो. फेऱ्या होतात पंचवीस-तीस. त्याने गाडी घेऊ नये. वर्षभर आलटून-पालटून भाजीपाला, फुले किंवा दूध असेल, किंवा दोन-तीन घरे मिळून फेऱ्या जुळत असतील, तर गणित बसते. या हिशेबात चालकाची मजुरी धरलेली नाही. पगारी चालक ठेवणार असाल तर फेऱ्या आणखी वाढतात. आणि उभी गाडी जपली जाते असेही नाही. बॅटरी उतरते, टायरला चिरा जातात, उंदीर वायरिंग कुरतडतात.

कागदपत्रे, आणि हौद्यातील माणसे

मालवाहू गाडीचे पासिंग आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी करावे लागते. आठ वर्षांनंतर राज्याचा पर्यावरण करही लागतो. पंधरा वर्षांनंतर पासिंगचे शुल्क अनेक पटींनी वाढते. म्हणून तेरा-चौदा वर्षांची गाडी स्वस्त दिसली तरी पुढे ती कोणी घेत नाही, हे धरून भाव करा. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदणी झालेल्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवली आहे का, दंडाची चलने थकली आहेत का, हे एम-परिवहन ॲपवर आणि ई-चलनाच्या पोर्टलवर पाहता येते.

आरसीवर फायनान्स कंपनीचा बोजा असेल तर सातबाऱ्यासारखेच समजा. ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घेऊन गाडी नावावर करून घ्या. विकणाऱ्यानेही याचा आग्रह धरावा. नोंदणी ज्याच्या नावावर, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावर, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे.

विम्याबाबत दोन गोष्टी. साडेसात टनांपर्यंतच्या भाड्याच्या मालवाहू गाडीचा तृतीय पक्ष हप्ता १६,००० रुपयांच्या आसपास, अधिक जीएसटी असा आहे. फक्त स्वतःचा माल नेणाऱ्या खासगी वाहकाला तो जवळपास निम्मा पडतो. एजंटकडे तशी विचारणा करा. पण निम्मा हप्ता भरून शेजाऱ्याचा माल भाड्याने नेला आणि अपघात झाला तर दावा अडकतो.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. खुरपणी-तोडणीला मजूर हौद्यातून नेणे गावोगाव चालते. मालवाहू गाडीच्या विम्यात चालकाला, आणि मालासोबत असलेल्या मालाच्या मालकाला किंवा त्याच्या प्रतिनिधीला संरक्षण असते. हौद्यात बसलेल्या मजूर बायांना ते नसते. गाडी उलटली तर भरपाई गाडीमालकाच्या घरादारातून जाते, आणि त्या घरांचे जे जाते ते भरून निघत नाही. भाड्याच्या गाडीत हा धोका दुसऱ्याचा वाटतो, पण तुमच्या शेतावर येणाऱ्या बाया त्यात असतात. मजुरांसाठी प्रवासी परवाना असलेली गाडी ठरवा आणि तो खर्च मजुरीच्या हिशेबात धरा.

घेण्याआधीची शेवटची फेरी

रिकामी गाडी डांबरी रस्त्यावर दोन किलोमीटर फिरवून व्यवहार करू नका. मालकाला सांगून आरसीवरील क्षमतेइतका माल भरा, आपला मिस्त्री सोबत घ्या आणि जवळच्या चढावर अर्धा तास चालवा. गरम होणे, क्लच घसरणे, गिअर उडणे आणि ब्रेक एका बाजूला ओढणे हे सगळे भरल्या गाडीतच कळते. उतरल्यावर खाली वाकून ऑइल आणि पाण्याचे थेंब पाहा, मग रेडिएटरची पातळी पुन्हा बघा. झाकण मात्र इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच उघडा. मालक माल भरून चालवू देत नसेल तर दुसरी गाडी बघा, तालुक्याला अशा गाड्यांची कमतरता नाही. दोन-तीन घरांनी मिळून घेत असाल तर डिझेल, दुरुस्ती आणि फेऱ्यांची वही पहिल्या दिवसापासून ठेवा, आणि आरसी व विमा कोणाच्या नावावर राहील हे तोडा सुरू होण्याआधी ठरवा.